चौथ्या दिवशीचा मृत्यू बुडण्याचा कसा?

प्रश्न : विहिरीत गटांगळ्या खाल्लेल्या पुतण्याला जिवंत बाहेर काढलं. चौथ्या दिवशी तो रुग्णालयात दगावला. फुफ्फुसांत पाणी नव्हतं म्हणतात. मग कारण बुडणं कसं? शवविच्छेदन तरी कशाला?

उत्तर : चौथ्या दिवशी पाणी सापडणारच नाही. विहिरीचं गोडं पाणी लवकर रक्तात शोषलं जातं. नाकातोंडाशी येणारा पांढरा चिवट फेसही तोवर राहत नाही. राहते ती पाण्याने केलेली इजा. वायुकोश (फुफ्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्या) उघडे ठेवणारा सर्फॅक्टंटचा थर निकामी होतो, कोश मिटतात, त्यांत रक्तातला द्रव झिरपतो, पुढे न्यूमोनिया होतो.

एरवी दोन्ही फुफ्फुसं मिळून ८००-९०० ग्रॅम भरतात. इथे ती हजाराच्या बरीच वर जातात आणि कापताना यकृतासारखी घट्ट लागतात. पण सलाईन जास्त झालं तरी वजन वाढतं, म्हणून नुसत्या वजनावर निष्कर्ष काढू नये. फुफ्फुसाच्या प्रत्येक खंडातला तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावाच लागतो. वायुकोशांच्या भिंतींना चिकटलेले गुलाबी काचेरी पापुद्रे, कधी गाळाचे कण दिसतात. मेंदूही तपासायचा, कारण असे अनेक रुग्ण प्राणवायूअभावी झालेल्या मेंदूच्या इजेनेच दगावतात. डायटम चाचणीवर (पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळाचे कण शरीरात शोधणं) मात्र इथे भिस्त ठेवू नये.

खरा पुरावा पहिल्या दिवसाच्या केसपेपरात असतो : किती वेळ पाण्याखाली होता, शुद्धीवर होता का, ऑक्सिजनची पातळी, छातीचा पहिला एक्स-रे. दाखल करतानाचं रक्त जपून ठेवायला लगेच सांगावं. पोहता येणारा माणूस कशामुळे बुडाला, हे त्यातून कळू शकतं. कारण दारू प्यायली असली, तरी ती चौथ्या दिवशी शरीरात उरत नाही. फिट, हृदयविकार, डोक्याला मार, कुणी ढकललं का, हेही शवविच्छेदनाशिवाय सुटत नाही.

घोटाळा होतो तो मृत्यूच्या दाखल्यावर. नुसतं ‘न्यूमोनिया’ लिहिलं की मृत्यू नैसर्गिक ठरतो आणि चौकशी थांबते. ‘बुडण्यामुळे झालेला न्यूमोनिया’ अशी साखळी हवी. पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद आणि पंचनामा व्हायलाच हवा. त्यासाठी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं, जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १९४ आहे.

प्रश्न : तलावात पाणी नाकात गेलेली मुलगी ठणठणीत आहे. आठवडाभर धोका?

उत्तर : नाही. त्रास बहुधा आठ तासांच्या आतच सुरू होतो. थांबत नसलेला खोकला, धाप, सुस्ती, उलट्या दिसल्या तर ताबडतोब रुग्णालय गाठा.