कैरोची संग्रहालये : कोणती फेरी निवडावी?

प्रश्न : येत्या जानेवारीत आम्ही घरची पाच माणसे इजिप्तला जात आहोत. मी आणि माझे यजमान निवृत्त शिक्षक आहोत. सोबत मुलगी, जावई आणि अकरा वर्षांचा नातू आहे. सहल-कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘कैरो म्युझियम, गाइडसह, दोन तास’ एवढेच लिहिलेले आहे. मुलीच्या मते आपण गटापासून वेगळे होऊन स्वतंत्र गाइड घ्यावा, जावयांच्या मते ऑडिओ गाइड पुरेसा आहे, तर संग्रहालयाचीही स्वतःची फेरी असते असे कोणी सांगितले. आम्हां दोघांना इंग्रजी समजते, पण भराभर बोललेले कळत नाही. एवढ्या लांब पुन्हा जाणे होणार नाही, म्हणून नेमके काय करावे ते सांगावे. – एक वाचक, सातारा

उत्तर : गाइड कोणता घ्यावा हे ठरवण्याआधी ‘कैरो म्युझियम’ म्हणजे कोणती इमारत, हे आपण सहल-कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे. प्राचीन इजिप्तचा वारसा मांडणारी तीन मोठी संग्रहालये आज त्या शहरात आहेत आणि गेल्या काही वर्षांत महत्त्वाच्या वस्तू एका इमारतीतून दुसरीत गेल्या असल्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून चालत नाही. तहरीर चौकातील गुलाबी रंगाचे संग्रहालय १९०२ पासूनचे. गिझाच्या पिरॅमिडांजवळचे ग्रँड इजिप्शियन म्युझियम १ नोव्हेंबर २०२५ रोजी समारंभपूर्वक पूर्णपणे उघडण्यात आले आणि ४ नोव्हेंबरपासून, म्हणजे १९२२ मध्ये ज्या तारखेला तुतनखामुन राजाच्या थडग्याची पहिली पायरी सापडली त्याच तारखेपासून, सर्वांसाठी खुले झाले. तिसरे संग्रहालय फुस्तात भागात आहे. १८ राजे आणि ४ राण्या यांच्या ममी तहरीर चौकातून ३ एप्रिल २०२१ रोजी मिरवणुकीने तेथे नेण्यात आल्या. तेव्हा तुतनखामुनचा सोन्याचा मुखवटा गिझाला, दुसऱ्या रामसेस राजाची ममी फुस्तातला आणि राजा नार्मरची प्रसिद्ध शिळा तहरीरला, अशी आजची वाटणी आहे. तुतनखामुनची स्वतःची ममी मात्र यांपैकी कोठेच नाही. ती लक्सरजवळच्या राजांच्या खोऱ्यात, त्याच्या मूळ थडग्यातच ठेवलेली आहे. नातवाला ‘मुखवटा आणि ममी एकाच दिवशी दाखवतो’ असे कोणी कबूल केले असेल, तर तेही तपासून घ्यावे.

आपल्या पत्रातील उत्सुकतेवरून आपल्याला गिझाचे नवे संग्रहालय पाहायचे आहे, असे धरून पुढचे लिहितो. तेथे दोन तास पुरत नाहीत, हे मी निःसंकोचपणे सांगेन. प्रवेश करताच समोर दुसऱ्या रामसेसचा सुमारे ११ मीटर उंचीचा आणि ८३ टन वजनाचा पुतळा उभा आहे. १९५५ पासून २००६ पर्यंत तो कैरोच्या रेल्वे स्थानकासमोरच्या चौकात वाहनांच्या धुरात उभा होता. तेथून राजांच्या आणि देवांच्या भव्य मूर्तींनी भरलेला रुंद जिना चढत जातो आणि वरच्या टोकाला काचेच्या भिंतीपलीकडे पिरॅमिड दिसतात. पुढे १२ मुख्य दालने आहेत. त्यांची मांडणी समजून घेतली तर फेरी निवडणे फार सोपे होते : एका दिशेने चालत गेले की प्रागैतिहासिक काळापासून रोमन अमलापर्यंतचे चार कालखंड लागतात, आणि प्रत्येक कालखंडात समाज, राजसत्ता व श्रद्धा अशी तीन दालने आहेत. म्हणजे एखादा कालखंड आडवा पाहता येतो किंवा एखादा विषय सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभा पाहता येतो. तुतनखामुनची दालने यांहून वेगळी. त्याच्या थडग्यातील पाच हजारांहून अधिक वस्तूंचा सगळा संच प्रथमच तेथे एकत्र आला आहे. याशिवाय खुफू राजाच्या नावेसाठी स्वतंत्र इमारत आहे.

एवढ्या पसाऱ्यात कोणताही गाइड सगळे दाखवू शकत नाही आणि ‘सगळे दाखवतो’ असे म्हणणाऱ्यावर आपण विश्वास ठेवू नये. फेरी ठरवताना ‘किती तास?’ हा प्रश्न नंतर विचारावा. आधी ‘कोणत्या दहा-बारा वस्तूंपुढे आपण थांबणार आणि कोणती दालने वगळणार?’ असे विचारावे. जाणता गाइड वस्तूंची नावे घेऊन उत्तर देतो. आपली मुले काय वाचतात, आपल्याला राजकारणात रस आहे की घरगुती जीवनात, हेही तो उलट विचारतो. ज्याच्याकडून केवळ ‘मुखवटा, सिंहासन, फोटो आणि मग मोकळा वेळ’ एवढेच ऐकू येते, त्याच्यामागून चालण्यात आपला अमूल्य वेळ जाईल.

आता आपल्यापुढच्या चार वाटा. गटाच्या फेरीत तीस-चाळीस माणसे एका गाइडमागे असतात. हेडसेट दिलेले असतील तर आवाज नीट पोहोचतो, नसतील तर मागच्यांना काहीच ऐकू येत नाही. म्हणून हेडसेटची चौकशी अवश्य करावी. मराठी कंपन्यांसोबत येणारे टूर लीडर मोठ्या आस्थेने सगळ्यांची काळजी घेतात, परंतु इजिप्तमध्ये पुरातन स्थळी आणि संग्रहालयांत माहिती सांगण्याचे काम तेथील मंत्रालयाचा परवाना असलेल्या स्थानिक गाइडचे असते. त्यामुळे ‘मराठीतून माहिती’ असे जाहिरातीत लिहिले असेल, तर ती संग्रहालयात, वस्तूपुढे उभे राहून मिळणार की बसमध्ये आधी मिळणार, हे स्पष्ट करून घ्यावे. बसमध्ये मिळणार असेल तरीही ती उपयोगाचीच असते. फक्त तिची गल्लत प्रत्यक्ष फेरीशी होऊ नये.

संग्रहालयाची स्वतःची फेरी शिस्तशीर असते, वेळेवर सुटते आणि तिच्या शेवटी कोणी दुकानात नेत नाही. एकट्या-दुकट्या प्रवाशाला मी तीच सुचवेन. मात्र तिचा मार्ग आधीच ठरलेला असतो आणि तो आपल्या नातवासाठी बदलत नाही.

पाच जणांच्या कुटुंबाला माझा सल्ला स्वतंत्र परवानाधारक गाइड घेण्याचा आहे. खर्च पाच जणांत विभागला की तो डोईजड होत नाही, आणि आपली मुख्य अडचण, म्हणजे भराभर बोलले जाणारे इंग्रजी, याच मार्गाने सुटते. कारण पाच माणसांपुढे बोलणाऱ्याला थांबवता येते, पुन्हा विचारता येते आणि मुलीला मध्येच दोन वाक्ये मराठीत सांगता येतात. परवान्याचे ओळखपत्र गाइडजवळ असते. ते पाहायला मागण्यात काही गैर नाही. गाइडच्या शुल्कात प्रवेशतिकीट धरलेले आहे की नाही, आणि फेरीनंतर आणखी कोठे नेणार, हेही आधी विचारावे. कार्यक्रमात ‘पपायरस इन्स्टिट्यूट’ असे भारदस्त नाव दिसले तर ते बहुधा विक्रीचे दुकान असते आणि त्याचा तास संग्रहालयाच्या वेळेतून कापला जातो. आपल्या सहलीचा कार्यक्रम बदलण्यासारखा नसेल, तर निदान कैरोतील मोकळा दिवस या कामासाठी राखावा.

जावयांची सूचनाही मी टाकून देणार नाही. ऑडिओ गाइडचा खरा उपयोग गाइड निघून गेल्यानंतर होतो. अडीच-तीन तास गाइडसोबत पाहावे, खाली येऊन जेवावे आणि मग आपल्या पसंतीच्या दालनात ऑडिओ गाइड किंवा नुसते फलक वाचत पुन्हा जावे. पहिल्यापासूनच यंत्र कानाला लावले तर प्रत्येक जण वेगळ्या कपाटापुढे उभा राहतो आणि कुटुंब म्हणून पाहण्यातला आनंद हरवतो. नातू तर दहा मिनिटांत ते काढून ठेवील.

नातवासाठी म्हणून गाइडला तीन वस्तू आवर्जून दाखवायला सांगाव्यात. तुतनखामुनच्या सपातांचा एक जोड असा आहे की त्याच्या तळव्यांवर, पाऊल टेकते त्या बाजूला, बांधलेले शत्रू आणि धनुष्ये चितारलेली आहेत. राजाने टाकलेले प्रत्येक पाऊल शत्रूच्या अंगावर पडावे, ही त्यामागची कल्पना. कपाटावरून नजर फिरवत गेले तर ती दिसते केवळ एक जुनी सपाता. दुसरी वस्तू म्हणजे त्याच्या ममीवर सापडलेला लोखंडी खंजीर. त्या काळी इजिप्तमध्ये लोखंड गाळले जात नव्हते आणि ते पाते उल्केतून आलेल्या लोखंडाचे आहे, हे २०१६ मधील परीक्षणाने स्पष्ट झाले. तिसरी वस्तू खुद्द मुखवटा. पण तो मागून पाहावा. समोर गर्दी दाटलेली असते आणि मागच्या बाजूला खांद्यांवरून पाठीवर कोरलेल्या मजकुराच्या ओळी आहेत. तो मृताचे रक्षण करणारा मंत्र असून त्यात मुखवट्याच्या एकेका अवयवाची सांगड एकेका देवतेशी घातली आहे. गाइडने तेथे थांबून तो मंत्र समजावून सांगितला, तर हा मुखवटा घडवणाऱ्यांना काय साधायचे होते ते अकरा वर्षांच्या मुलालाही कळते.

वेळ उरला तर खुफूची नाव चुकवू नये. ती फेरीत धरलेली आहे का, ते विचारावे. मोठ्या पिरॅमिडच्या पायथ्याशी १९५४ मध्ये एका बंद खड्ड्यात सीडार लाकडाचे १,२२४ तुकडे सापडले आणि वर्षानुवर्षे खपून जाणकारांनी त्यांतून सुमारे ४३ मीटर लांबीची नाव पुन्हा उभी केली. तिच्या फळ्या दोरीने एकमेकींना शिवलेल्या आहेत. शिवलेल्या जहाजांची परंपरा आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही होती. अजिंठ्याच्या चित्रातील जहाजावरून गोव्यात बांधलेली शिवलेली नौका ‘कौंडिण्य’ २०२५ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाली. तिची छायाचित्रे नातवाला निघण्यापूर्वी दाखवलीत, तर खुफूच्या नावेपुढे तो स्वतःहून प्रश्न विचारील.

शेवटी तयारीचे. नव्या संग्रहालयाची तिकिटे ठरावीक वेळेची असतात. ती अधिकृत संकेतस्थळावरून आगाऊ काढावीत आणि गाइडला तीच वेळ कळवावी. आपण दोघे शिक्षक आहात, तेव्हा गृहपाठ सांगायला संकोच वाटत नाही : प्राचीन, मध्य आणि नव राज्य हे तीन कालखंड आणि खुफू, हातशेपसुत, अखेनातेन, तुतनखामुन, दुसरा रामसेस ही पाच नावे क्रमाने माहीत असली, की वेगवान इंग्रजीतही धागा सुटत नाही.

प्रश्न : तुतनखामुनचा संग्रह गिझाला गेल्यावर तहरीर चौकातील जुन्या संग्रहालयात पाहण्यासारखे काही उरले आहे का? तेथे गाइड लागतो का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : पुष्कळ उरले आहे, आणि गर्दीचे मुख्य आकर्षण हलल्यामुळे ते आता अधिक शांतपणे पाहता येते. राजा नार्मरची शिळा तेथेच आहे. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या या शिळेच्या एका बाजूला राजाच्या डोक्यावर दक्षिण इजिप्तचा पांढरा मुकुट आहे आणि दुसऱ्या बाजूला त्याच राजाच्या डोक्यावर उत्तरेचा लाल मुकुट. दोन्ही प्रदेश एका सत्तेखाली आल्याची ती जणू ग्वाही आहे आणि इजिप्तच्या इतिहासाची सुरुवात सांगायला याहून चांगली वस्तू नाही. पाठीमागे ससाण्याचे पंख पसरलेली खाफ्रे राजाची मूर्ती, तानिस येथे सापडलेला पहिल्या सुसेन्नेस राजाचा सोन्याचा मुखवटा आणि चांदीची शवपेटी, युया आणि थुया या दांपत्याच्या थडग्यातील वस्तू, हे सगळे याच इमारतीत आहे. ज्या खुफूने सर्वांत मोठा पिरॅमिड बांधला, त्याचे नाव कोरलेली आणि जवळजवळ अखंड उरलेली एकमेव मूर्ती हस्तिदंताची असून ती जेमतेम साडेसात सेंटिमीटर उंच आहे. मुद्दाम शोधल्याशिवाय ती सापडत नाही.

गाइडची गरज मला येथे नव्या संग्रहालयापेक्षा जास्त वाटते. गिझाला मांडणीच आपल्याला कथा सांगते. तहरीरला दाटीवाटीने ठेवलेल्या वस्तूंतून कथा माणसाने सांगावी लागते. दीड-दोन तासांचा परवानाधारक गाइड घ्यावा, तळमजला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने कालक्रमानुसार पाहावा आणि वरच्या मजल्यावर युया-थुया व तानिस एवढेच ठेवावे.

प्रश्न : गुडघेदुखीमुळे मला फार चालवत नाही. गिझाच्या संग्रहालयाचा मोठा जिना मध्येच सोडावा लागला तर फेरी वाया जाईल का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : मुळीच नाही. जिन्याच्या कडेने सरकता मार्ग आहे आणि लिफ्टही आहेत. तिकीट काढण्याआधी गाइडला आपली अडचण स्पष्ट सांगावी, म्हणजे तो आपल्याला आधी वर नेऊन तुतनखामुनची दालने दाखवील आणि जिन्यावरच्या मूर्ती परतताना, जमतील तेवढ्याच दाखवील. मोठ्या गटासोबत हा बदल शक्य नसतो, म्हणून आपल्यासाठीही लहान फेरीच योग्य. चाकाची खुर्ची लागणार असेल तर तशी विनंती संग्रहालयाकडे आधीच नोंदवावी. एकाच दिवशी सकाळी पिरॅमिड आणि दुपारी संग्रहालय असा कार्यक्रम सर्रास आखला जातो. पिरॅमिडांभोवतीच्या वाळूत आणि उन्हात चालून झाल्यावर गुडघे साथ देत नाहीत, तेव्हा आपण संग्रहालयासाठी वेगळ्या दिवसाची सकाळ मागून घ्यावी.