सातभाईचं नाव सारखं का बदलतंय?

प्रश्न: माझ्याकडच्या जुन्या पुस्तकात मोठ्या राखाडी सातभाईचं शास्त्रीय नाव टर्डॉइडीस माल्कमी दिलंय, मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये मात्र आर्ग्या माल्कमी येतं आणि फॅमिलीही वेगळीच दाखवतो. शास्त्रीय नाव कायमचं असतं ना? – एक वाचक, बार्शी

उत्तर: कायमचं म्हणाल तर सहसा दुसरा शब्द. पहिला शब्द आडनावासारखा, तो पक्षी कुणाच्या नात्यातला ते सांगतो, म्हणजे नात्याबद्दलचं मत बदललं की तोही बदलणार. हा पक्षी तर आपल्या दख्खनचाच, ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षी अभ्यासक कर्नल साइक्सने 1832 मध्ये वर्णन केलं तेव्हा नाव होतं टिमालिया माल्कमी, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्यावरून. पुढे इंग्रज अभ्यासकांनी आर्ग्या केलं, विसाव्या शतकात टर्डॉइडीस झालं आणि 2018 च्या डीएनए अभ्यासानंतर परत आर्ग्या, म्हणजे तुमचं अ‍ॅप एका अर्थी तुमच्या पुस्तकापेक्षा जुनं नाव दाखवतंय!

झालं असं की टर्डॉइडीसमध्ये दोन वेगळ्या शाखा निघाल्या. मग मूळ नाव कुणाकडे राहणार? नियम असा की ज्या जातीला नमुना धरून गटाचं नाव ठेवलं, ती जाईल तिकडे नाव जातं. इथे तो नमुना आफ्रिकेतला पांढऱ्या डोक्याचा सातभाई, त्यामुळे टर्डॉइडीस तिकडे गेलं आणि आपल्याकडच्या सातभाईंसाठी 1831 सालचं आर्ग्या पडूनच होतं ते वापरात आलं. नवीन नाव बनवायची गरजच पडली नाही.

फॅमिलीचं प्रकरण जास्त मजेशीर आहे. सातभाई पूर्वी ज्या टिमालिइडी फॅमिलीत होते तिच्यात, खरं सांगायचं तर, जो पक्षी कुठे बसेना तो ढकलून द्यायचे, चोच-पंख बघून दुसरं करणार तरी काय. डीएनए आल्यावर तिचे तुकडे झाले, सातभाई लायोथ्रिकिडी फॅमिलीत गेले, आणि इवलासा चष्मेवाला पक्षी, जो आधीपासून वेगळ्या फॅमिलीत होता, तो या सगळ्यांच्या मधोमध निघाला. शिंपी आणि वटवट्याही वॉर्बलर म्हणजे छोट्या किडेखाऊ पक्ष्यांच्या मोठ्या घोळक्यातून सिस्टिकोलिडी फॅमिलीत गेले.

मला हे बदल पटतात, वैताग येतो तो वेगवेगळ्या जागतिक याद्या एकाच पक्ष्याला वेगवेगळं नाव देतात त्याचा. 2025 मध्ये एव्हीलिस्ट ही एकत्रित यादी आली त्यामुळे ते जरा कमी होईल. तोवर वहीत जुनं नाव खोडू नका, फक्त कुठल्या यादीतलं ते बाजूला लिहून ठेवा, आणि शोधताना माल्कमी टाका, सापडेल.