लॅपटॉप स्टीरिओला जोडल्यावर घुंऽऽ आवाज येतोय?

आधी लॅपटॉपचा चार्जर काढ आणि नुसत्या बॅटरीवर गाणं लाव. घुंऽऽ बंद झालं? मग अ‍ॅम्प्लिफायर बिघडलेला नाही, हा ग्राउंड लूप. दोन्ही उपकरणं वेगवेगळ्या वाटेने अर्थिंगला जोडली गेली की ऑडिओ केबलमधूनही थोडा प्रवाह फिरतो, आणि आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण स्पीकरमधून ऐकू येते. दोन्ही प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून बघ, बरेचदा तेवढ्याने भागतं. नाहीच भागलं तर केबलच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर घाल. छोटी डबी असते, आत ट्रान्सफॉर्मर. पण प्लगची अर्थिंगची जाड पिन कापायची नाही! मी एकदा तो शहाणपणा केला आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या आल्या.

आवाज फाटका आणि कर्कश येत असेल तर केबल अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ‘फोनो’ (PHONO) लिहिलेल्या भोकात खोचली आहेस का बघ. ते भोक रेकॉर्ड प्लेअरचं, तिथे सिग्नल कितीतरी पट वाढवला जातो. ‘ऑक्स’ (AUX) लिहिलेल्या भोकात लाव. आवाजच नसेल तर विंडोजमध्ये आउटपुट कुठलं निवडलंय ते पाहा. माझ्याकडे दहापैकी आठदा तेच निघतं.