वऱ्हाडची इमादशाही कशी उभी राहिली आणि कशामुळे बुडाली?

आमचं गाव अचलपूरच्या बाजूचंच, त्यामुळे हा प्रश्न पाहून राहवलं नाही. इमादशाही टिकली 1490 ते 1574. संस्थापक फतहउल्ला इमाद-उल-मुल्क हा मूळचा विजयनगरच्या मुलखातला कानडी हिंदू. लहानपणी लढाईत पकडला गेला, वऱ्हाडच्या सुभेदाराकडे वाढला आणि पुढे स्वतःच सुभेदार झाला. बहमनी सत्ता खिळखिळी होताच त्याने स्वतंत्र राज्य मांडलं.

चिखलदऱ्याला गेलात तर गाविलगडाचा दिल्ली दरवाजा बघाच. त्यावर दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलाय. हा पक्षी कानडी मुलखातला! तिथे उभं राहिलं की मला दरवेळी तो पळवून आणलेला पोरगा आठवतो.

बुडण्याचं मुख्य कारण घरातलंच. 1562 मध्ये बुऱ्हाण इमादशहा लहान वयात गादीवर आला. कारभारी तुफालखानाने सत्ता बळकावून त्याला नरनाळ्यावर, म्हणजे आपल्या अकोट तालुक्यातल्या किल्ल्यावर, कैदेत टाकलं. अहमदनगरच्या निजामशाहीशी पाथरी या गावावरून जुनं वैर होतंच. राजाला सोडवायच्या निमित्ताने मुर्तझा निजामशहा चालून आला, नरनाळा आणि गाविलगड दोन्ही घेतले आणि 1574 मध्ये वऱ्हाडच गिळला. बुऱ्हाण काही सुटला नाही. पुढे 1596 मध्ये निजामशाहीचा कारभार पाहणाऱ्या चांदबिबीला हा मुलूख मोगलांना द्यावा लागला.