वाचकांचे प्रश्न : सादानीला कधी, कसं आणि काय घालून जावं?

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. मार्चअखेर खुडा आटोपतो. मुलांच्या सुट्टीत, एप्रिल-मेमध्ये, टांझानियातलं समुद्राला लागून असलेलं सादानी राष्ट्रीय उद्यान पाहायचं ठरतंय. एजंट म्हणतो, तेव्हा लॉज स्वस्तात मिळतात. जावं का? — निफाड

उत्तर : स्वस्त मिळतात ते उगाच नाही. मार्चच्या शेवटापासून मेअखेरपर्यंत तिकडे मोठा पाऊस असतो. स्थानिक भाषेत त्याला ‘मसिका’ म्हणतात. उद्यानातली बरीच जमीन सपाट आणि काळी चिकण आहे. ऐन पावसाळ्यात तुमच्या काळ्या रानात ट्रॅक्टर घातला तर जे होईल तेच तिथे सफारीच्या जीपचं होतं. टायरच्या खाचा चिखलाने भरल्या की चाक नुसतं जागच्या जागी फिरतं आणि गाडी पोटावर बसते. मग फोर-व्हील ड्राइव्ह असून उपयोग नाही. काही लॉज या दिवसांत बंदच ठेवतात. शिवाय गवत डोक्याएवढं वाढतं आणि पाणी जागोजागी साचतं, त्यामुळे जनावरं पाणवठ्यावर न येता पांगतात.

दिवाळीची सुट्टीही फारशी कामाची नाही. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरपर्यंत ‘वुली’ नावाचा छोटा पाऊस असतो. तो रोज येईलच असं नाही, पण आला की रस्ते तसेच. जानेवारी-फेब्रुवारी बिनपावसाचे, पण दमट उकाड्याचे. तेव्हा तुमचा माल तयार असतो. राहिले जून ते सप्टेंबर. एप्रिलची खरड छाटणी उरकलेली, गोडी छाटणीला अवकाश, तेव्हा जुलैचा उत्तरार्ध किंवा ऑगस्ट धरा. करपा-डाऊनी या द्राक्षावरच्या रोगांच्या फवारणीवर लक्ष ठेवणारा खात्रीचा माणूस मात्र आधी शोधा. शाळेतून आठवडाभराची रजा काढावी लागेल, ती काढा.

प्रश्न : टीव्हीवर सेरेंगेटी पाहतो तसंच इथे दिसतं का? किती दिवस ठेवावेत? — गंगापूर रोड

उत्तर : नाही. सिंह मोजायला जायचं असेल तर सादानी वगळा, सरळ सेरेंगेटी किंवा मिकुमी ही टांझानियातलीच दुसरी उद्यानं धरा. सादानीत सिंह आहेत, पण थोडे आणि लपून राहणारे. हत्तीही बुजरे, गाडीचा आवाज आला की झाडीत शिरतात. हमखास दिसतात ते जिराफ, रानडुकराच्या जातीचे वॉर्टहॉग, वॉटरबक आणि रीडबक ही हरणं आणि पिवळे बबून माकड. 2005 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेला हा साधारण 1100 चौरस किलोमीटरचा मुलूख आहे. एकाच मुक्कामात गवताळ रान, खारफुटीची नदी आणि हिंदी महासागराचा किनारा मिळतो, तेच त्याचं वैशिष्ट्य.

दोन रात्री पुरतात. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचून संध्याकाळची फेरी. दुसऱ्या दिवशी उजाडताच निघून साडेनऊपर्यंत परत, कारण पुढे ऊन चढलं की जनावरं सावलीला बसतात. दुपारनंतर वामी नदीत बोट. पाणघोडे, मगरी, खंड्या, मत्स्यगरुड बोटीतूनच नीट दिसतात. मुखाजवळ मात्र ओहोटीला गाळ वर येतो आणि बोट अडकते, म्हणून बोटीची वेळ भरतीवर ठरते, तुमच्या जेवणावर नाही. बुकिंग करतानाच त्या दिवसाची भरतीची वेळ विचारा. पायी फिरायचं असेल तर सशस्त्र रेंजर सोबत असावाच लागतो.

प्रवेशशुल्क 24 तासांच्या हिशेबाने, माणशी डॉलरमध्ये लागतं आणि वर 18 टक्के व्हॅट. फाटकावर रोकड चालत नाही, कार्ड लागतं. लॉज उद्यानाच्या हद्दीत आहे की बाहेर, हे एजंटाकडून लेखी घ्या. बाहेरचं लॉज स्वस्त दिसतं, पण पुन्हा आत जाताना शुल्क पुन्हा पडू शकतं. मग वाचलेले पैसे तिथेच जातात.

दार-ए-सलाम या टांझानियातल्या मोठ्या शहरातून बागामोयोमार्गे गाडीने चार-पाच तास धरा. झांझिबार बेटावरून छोटं विमानही जातं, त्यात सामान 15 किलोच आणि तेही मऊ पिशवीत. चाकांची कडक बॅग घेत नाहीत. झांझिबारला उतरणार असाल तर ऑक्टोबर 2024 पासून तिथल्या सरकारचा प्रवास विमा सक्तीचा आहे, माणशी 44 डॉलर. इथे काढलेला विमा दाखवून तो टळत नाही.

प्रश्न : त्सेत्से माशीचं फार ऐकलं. ओडोमॉस पुरेल का? — सिडको

उत्तर : नाही. डासाला पळवणारं मलम या माशीवर जवळजवळ निरुपयोगी आहे. ती घरमाशीपेक्षा थोडी मोठी असते. बसली की दोन्ही पंख पाठीवर कात्रीच्या पात्यांसारखे एकावर एक मिटते, त्यावरून ओळखा. ती दिवसा चावते, हलत्या वस्तूच्या मागे लागते आणि गडद निळ्या-काळ्या रंगाकडे ओढली जाते. म्हणूनच तिला पकडायचे सापळे निळ्या-काळ्या कापडाचे असतात. तेव्हा निळी जीन्स नाशकातच ठेवा. खाकी किंवा मातकट, जाड विणीचे, सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे घ्या. पातळ सुती कुडत्यातून ती सहज डंख मारते. लष्करी छापाचे कपडे नकोत, तिथे सामान्य माणसाला ते वापरायला बंदी आहे.

दाट झाडीतून जाताना काचा बंद ठेवा, मोकळ्या गवताळ भागात आल्यावर उघडा. आत शिरलेली माशी चापटीने मरत नाही, उडून पुन्हा येते. कापडाने काचेवर दाबून धरावी लागते. या माशीच्या डंखातून पसरणारा निद्रारोग पर्यटकांना क्वचितच होतो, पण डंखाच्या जागी गळवासारखी लाल गाठ येऊन ताप आला तर अंगावर काढू नका. गुरांचं मात्र ही माशी हाल करते. आज उद्यानात असलेल्या म्क्वाजाच्या भागात पूर्वी गुरांचं मोठं रँच, म्हणजे गुरं पाळायचं कुरण होतं. माशीपायी गुरांना सततची औषधं परवडेनात आणि 2000 मध्ये ते बंद पडलं.

खरी भीती मलेरियाची, आणि तिथला बहुतेक फॅल्सिपॅरम या सर्वांत घातक जातीचा. प्रतिबंधक गोळी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर 7 दिवस, डॉक्सिसायक्लिन 4 आठवडे चालू ठेवायची असते. घरी पोहोचलं की गोळी सुटते, तिथेच घोटाळा होतो. पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर ‘आफ्रिकेतून आलोय’ हे डॉक्टरांना आधी सांगा.

प्रश्न : पीतज्वराची लस लागते का? वडील 66 वर्षांचे आहेत. — इंदिरानगर

उत्तर : मुंबईहून थेट दार-ए-सलाम आणि तसंच परत, असं असेल तर गरज नाही. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे तिकीट स्वस्त मिळतं म्हणून घेतलंत, तर केनिया आणि इथिओपिया पीतज्वराच्या यादीत आहेत. विमानतळाबाहेर पडलात किंवा मुक्काम लांबला तर प्रमाणपत्र मागतात. परतताना ते नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकतं. लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी, मान्यताप्राप्त केंद्रातच घ्यायची. साठीपुढे या लशीचे गंभीर दुष्परिणाम होण्याचा धोका वाढतो, म्हणून वडिलांसाठी थेट विमानच पाहा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. चिवडा, ठेपले नेले तर चालतील? — पंचवटी

उत्तर : खुशाल न्या, पण कॅरीबॅगमध्ये नको. जून 2019 पासून टांझानियात प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे आणि ती प्रवाशांनाही लागू आहे. स्टीलचे डबे किंवा कापडी पिशव्या वापरा. लॉजला दोन आठवडे आधी कळवा. चपाती आणि ‘महारागे’, म्हणजे घेवड्याची उसळ, सहज मिळते. रस्त्यावरच्या ‘सांबुसा’ला समोसा समजू नका, आत बहुधा खिमा असतो. ‘सिली न्यामा वाला समाकी’, म्हणजे मांस-मासे खात नाही, एवढं पाठ करा. आणि डॉलरच्या नोटा 2006 नंतर छापलेल्या, न फाटलेल्या घ्या. जुन्या तिथे कोणी बदलून देत नाही.