फोंड्यातल्या स्पर्धेला एम्युलेटर चालेल का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: चवथ झाली की फोंड्यात ३२ जणांची स्पर्धा घ्यायची आहे, 'स्मॅश ब्रदर्स मेली' आणि 'किंग ऑफ फायटर्स ९७' या मारामारीच्या खेळांची. दोन्ही खेळ लॅपटॉपवर एम्युलेटर टाकून, रॉम नेटवरून उतरवलेले. एंट्री १०० रुपये, फायनल यूट्यूबवर लाइव्ह. कोणी पकडणार तर नाही ना?

पकडण्याचं नंतर बोलू. आधी एक गोष्ट नीट समजून घे, कारण आपल्याकडे दहातले नऊ जण इथेच गल्लत करतात. एम्युलेटर वेगळा आणि रॉम वेगळा. एम्युलेटर म्हणजे एका यंत्राचं वागणं दुसऱ्या यंत्रावर करून दाखवणारं सॉफ्टवेअर. ते दुसऱ्याचा कोड न उचलता लिहिलेलं असेल तर त्यात चोरी नाही. सोनीने प्लेस्टेशनचा एम्युलेटर काढणाऱ्या कनेक्टिक्स कंपनीवर याच मुद्द्यावर खटला भरला होता आणि २००० साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने कनेक्टिक्सच्या बाजूने निकाल दिला. पुढे २०१८ मध्ये सोनीनेच 'प्लेस्टेशन क्लासिक' काढला, त्यात 'टेकन ३' सकट २० खेळ होते, आणि ते चालत होते पीसीएसएक्स रीआर्म्ड या हौशी लोकांनी लिहिलेल्या मुक्त एम्युलेटरवर. त्यामुळे एम्युलेटर म्हटला की पायरसी, असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नकोस.

रॉम मात्र खेळाची प्रत आहे. मी वकील नाही, पण आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा उघडून वाचलाय. कलम ५२ म्हणतं की ज्याच्याकडे प्रोग्रॅमची कायदेशीर प्रत आहे, त्याने ती हरवली-बिघडली तर जवळ असावी म्हणून त्या प्रतीवरून दुसरी काढली तर चालते. 'त्या प्रतीवरून' हे शब्द महत्त्वाचे. तुझ्या मामाच्या कपाटात डिस्क आहे म्हणून तू नेटवरून कोणा तिसऱ्याची प्रत उतरवलीस, तर ती सवलत तुला लागू होत नाही. आणि कलम ६३ ब: नकली प्रत आहे हे ठाऊक असून संगणकावर वापरली तर किमान सात दिवस, कमाल तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. कमाईसाठी किंवा धंद्यात वापर नसेल तर कारण नोंदवून कैद टाळायची मुभा न्यायालयाला आहे. आता तुझ्या १०० रुपयांकडे बघ. घरी भावाबरोबर खेळताना 'कमाईसाठी नाही' हे सहज सांगता येतं. ३२ जणांकडून पैसे घेतले, बॅनर लावला, यूट्यूबवर दाखवलं, की तेच वाक्य म्हणणं जड जातं. पोलीस सभागृहात येतील असं मला वाटत नाही. पण पुरावा तू स्वतः तयार करून चॅनेलवर टांगून ठेवणार आहेस, आणि सभागृह ज्यांनी विश्वासाने दिलं त्यांचंही नाव त्या बॅनरवर असेल.

कायदा बाजूला ठेवला तरी चोरीच्या प्रतींवर स्पर्धा नीट होत नाही, हे मी स्वतः भोगलंय. काही वर्षांपूर्वी आम्ही म्हापशात 'टेकन ७' ची छोटी स्पर्धा घेतली. सहा लॅपटॉप, त्यातल्या दोनांवर खेळाची क्रॅक केलेली, म्हणजे चोरीची प्रत. मला ते माहीत होतं आणि मी डोळेझाक केली. फायनल २-२ वर आली. डिचोलीचा एक मुलगा, कॉलेजचं पहिलं वर्ष, शांत स्वभावाचा. समोरच्याची चाल अडवून तो नेहमीचा उलट फटका मारायला गेला, आणि फटका पोचलाच नाही. पुन्हा तेच. तो हरला, कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "दादा, हा खेळ माझ्या घरच्यासारखा नाही." सगळे हसले. मी लॅपटॉप जवळ घेऊन व्हर्जनचा आकडा बघितला. क्रॅक केलेली प्रत कितीतरी जुनी होती, मधले सगळे बदल तिच्यात आलेच नव्हते. त्याने महिनोन्महिने ज्या वेळेवर हात बसवला होता, ती वेळच त्या यंत्रावर नव्हती. सामना पुन्हा घ्यायचा तर दुसरा खेळाडू तयार नाही, न घ्यावा तर या पोरावर अन्याय. शेवटी बक्षीस वाटून दिलं. तो मुलगा नंतर कुठल्याच स्पर्धेला आला नाही. त्याची चूक काहीच नव्हती, ती माझी होती.

मेलीचं प्रकरण मात्र वेगळं आहे, आणि तिथे माझा राग निन्टेन्डो कंपनीवर आहे. २००१ चा, गेमक्यूब या तिच्या जुन्या यंत्राचा खेळ, कंपनीने त्याला ऑनलाइन कधीच आणलं नाही. एम्युलेटरला यंत्राची अख्खी स्थिती क्षणात साठवता येते आणि मागे नेता येते. म्हणून नेटवरून खेळताना समोरच्याची बटणं पोचेपर्यंत अंदाजाने खेळ पुढे न्यायचा आणि अंदाज चुकला तर मागे जाऊन दुरुस्त करायचा, ही रोलबॅकची युक्ती जमते. मेलीत सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं असतात, एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची. दोन-तीन फ्रेमचा उशीरसुद्धा हाताला कळतो. २०२० मध्ये स्लिपी नावाच्या प्रकल्पाने डॉल्फिन एम्युलेटरवर हे करून दाखवलं, ऐन महामारीत, सगळे घरी अडकलेले असताना. त्याच नोव्हेंबरात निन्टेन्डोने 'द बिग हाउस' या स्पर्धेला नोटीस धाडली आणि ऑनलाइन स्पर्धा रद्द झाली. ज्यांच्याकडे विकत घेतलेली डिस्क होती त्यांचंही खेळणं त्यात गेलं. हे मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही.

युझूचं प्रकरण त्याच रांगेत बसवू नकोस. तो निन्टेन्डोच्या स्विचचा एम्युलेटर, म्हणजे तेव्हा बाजारात चालू असलेल्या यंत्राचा. २०२३ मध्ये 'झेल्डा'चा नवा खेळ विक्रीला येण्याआधीच फुटला आणि दहा लाखांहून जास्त वेळा उतरवला गेला, असा निन्टेन्डोचा दावा होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये दावा दाखल झाला आणि काही दिवसांतच २४ लाख डॉलरवर तडजोड होऊन युझू बंद पडला. नवा खेळ विक्रीआधी फुकट वाटला जात असेल तर कंपनी गप्प बसणार नाही, आणि का बसावी? ते खेळ करणाऱ्यांच्या पोटावर येतं.

आता तुझी स्पर्धा. तुझे ३२ जण एकाच सभागृहात असणार, म्हणजे मेलीसाठी तुला एम्युलेटरची गरजच नाही. निन्टेन्डोच्याच सुरुवातीच्या वी यंत्रावर गेमक्यूबच्या डिस्क थेट चालतात (नंतरच्या मॉडेलांतून ती सोय काढली, घेण्याआधी वर गेमक्यूबचे कंट्रोलर जोडायच्या खाचांची झाकणं आहेत का बघ). गोव्यात तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे मामा-काका नाहीत असं घर शोधावं लागतं, बोटीवरून आणलेली अशी यंत्रं माळ्यावर धूळ खात पडलेली असतात. विचारून बघ. टीव्ही जुना डब्याचाच घे, फ्लॅट टीव्हीवर उशीर जाणवतो. दोन यंत्रं जमली तर मेली आठ जणांचीच ठेव.

मोठा खेळ म्हणून 'किंग ऑफ फायटर्स ९७' सोडून त्याच मालिकेतला '९८ अल्टिमेट मॅच' घे, असं मी सुचवेन. ९७ हवाच असेल तर तोही २०१८ पासून 'ग्लोबल मॅच' नावाने स्टीमवर, म्हणजे संगणकावरच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानात विकत मिळतो, पण ९८ मध्ये पात्रांचा समतोल खूप बरा आहे. ज्याचा लॅपटॉप त्याच्याच खात्यावरची प्रत, एक खातं दोन लॅपटॉपवर नको. सामन्याआधी प्रत्येक यंत्रावर व्हर्जन बघून वहीत लिहून ठेव. सभागृहाऐवजी गेमिंग कॅफे घेणार असशील तर घरगुती खात्यांवर धंदा चालत नाही, स्टीमची कॅफेसाठी वेगळी योजना आहे, मालकाला तिच्याबद्दल विचार. लाइव्ह दाखवण्याबद्दल प्रकाशकाचे नियम वाच, कळले नाहीत तर त्यांना सरळ ईमेल कर.

माझ्याकडे एक वी, मेलीची मूळ डिस्क आणि २१ इंची टीव्ही आहे. तारीख कळव, गाडीत घालून फोंड्याला घेऊन येतो. टीव्ही उतरवायला दोन पोरं दारात उभी ठेव, फार जड आहे.