कोल्हापुरात बसून एअर इंडियाच्या जुन्या कॉन्स्टेलेशनचं १/१४४ मॉडेल नीट कसं बांधावं?

तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी आहेत: टेप लावून जोडून पाहिलं की विमान शेपटीवर बसतं, आणि चंदेरी स्प्रे मारला की ते रंगवलेल्या डब्यासारखं दिसतं. पहिलीचं उत्तर सोपं आहे. दुसरीचं मूळ मात्र रंगात कमी आणि रंगाखालच्या प्लॅस्टिकमध्ये जास्त असतं.

कॉन्स्टेलेशन म्हणजे लॉकहीडचं चार इंजिनांचं, प्रोपेलरचं प्रवासी विमान. आधी खोक्यात त्याचा कोणता प्रकार आहे ते बघा. ८ जून १९४८ ला मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलेली 'मलबार प्रिन्सेस', म्हणजे नोंदणी क्रमांक व्हीटी-सीक्यूपी, ही एल-७४९ म्हणजे आखूड कॉन्स्टेलेशन होती. १/१४४ मापात हिची लांबी साधारण २० सेंटीमीटर आणि पंखांचा पसारा २६ सेंटीमीटर भरतो. एअर इंडियाने पुढे घेतलेली सुपर कॉन्स्टेलेशन १८ फूट ४ इंचांनी लांब आहे, म्हणजे मॉडेलवर जवळजवळ चार सेंटीमीटर, आणि तिच्या खिडक्या चौकोनी आहेत. एल-७४९ च्या गोल. सुपरच्या किटवर 'मलबार प्रिन्सेस' लिहिलं की जाणकार लांबूनच हसतो. फोटोही एकाच विमानाचा, एकाच काळातला धरा. रंगसंगती बदलत गेली, त्यामुळे दोन फोटोंची खिचडी केली तर ते कुठलंच विमान राहत नाही.

आता वजन. धड, पंख, आडवी शेपटी आणि तिच्यावरचे तिन्ही उभे फिन (पाती) टेपने जोडा. मुख्य चाकांच्या भोकांखाली पट्टीची कड धरून मॉडेल त्यावर तोला. नाकाला छोटी प्लॅस्टिकची पिशवी टांगून तिच्यात शिशाचे तुकडे टाकत जा. नाक खाली गेलं की आणखी पाव वजन वाढवा, कारण पिशवी नाकाच्या टोकाला लटकते आणि खरं शिसं थोडं मागे बसतं. शिसं टायरवाल्याकडे चाक बॅलन्स करायच्या वजनांतून मिळतं, पण ती लोखंडी नाहीत ना बघून घ्या. लोखंड हलकं, तेवढ्या जागेत पुरत नाही. जागा कॉकपिटच्या पुढे आणि खाली. तिथे नाही मावलं तर आतल्या दोन इंजिनांच्या तोंडाशी, तेही चाकांच्या पुढेच येतं. शिसं अरल्डाइटनेच बसवा. फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात शिसं हळूहळू पांढरी भुकटी धरतं, ती फुगते आणि दोन-चार वर्षांनी नाकाचा सांधा आतून उकलतो. एवढं वजन पेलताना पुढचा लांब, बारीक पाय वाकतो. त्यात ०.५ मिमीचं भोक पाडून गिटारची पोलादी तार घाला. इतकं बारीक ड्रिल, पिन वाइस (ते ड्रिल धरून हाताने फिरवायची मूठ) आणि कानशी गुजरीत सोनारांना हत्यारं पुरवणाऱ्यांकडे विचारा. हॉबीच्या नावाखाली ऑनलाइन मिळणाऱ्या संचापेक्षा ती बरी.

खरी मेहनत धडाच्या सांध्यावर. लढाऊ विमानाच्या मॉडेलवर हिरव्या-तपकिरी पट्ट्यांत बरंच काही लपतं. प्रवासी विमान म्हणजे उघडी चकचकीत नळी, आणि तिच्या पाठीवरून व पोटाखालून सरळ सांधा जातो. दोन्ही अर्धी जुळवून पातळ सिमेंट (प्लॅस्टिक विरघळवून जोडणारा मॉडेलचा गोंद) सांध्यात ब्रशने सोडा, मग हलकं दाबा. विरघळलेल्या प्लॅस्टिकचा बारीक कणा बाहेर यायला हवा. तोच तुमची पुट्टी. दोन दिवस त्याला हात लावू नका. ओलसर असताना घासलं तर आज सपाट दिसतं आणि आठवड्याने सांधा खाली बसून रेघ उमटते. वाळल्यावर ब्लेड आडवं धरून कणा खरवडा, मग ४००, ८००, १२०० चा वॉटर पेपर पाण्यातून.

इथे एक गोम आहे. कॉन्स्टेलेशनचं धड नाकापासून शेपटीपर्यंत सतत वळत जातं, सरळ नळीचा भाग जवळजवळ नाहीच. कडक पट्टीला पेपर चिकटवून घासलंत तर पाठीवर सपाट चकत्या पडतात आणि चंदेरी रंगात त्या आरशासारख्या दिसतात. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून तिला पेपर लावा आणि सांध्याला आडवं, गोलाईवरून घासा. खड्डा उरला तर फेव्हिक्विकचा थेंब चालतो, पण तासाभरात घासून घ्या. रात्रभर राहिला तर तो प्लॅस्टिकपेक्षा कडक होतो आणि बाजूचं प्लॅस्टिकच झिजतं. मग सांध्यावर चंदेरीचा एक पातळ हात मारून टॉर्च आडवी धरून बघा. दिसली रेघ की पुन्हा घासा. तीन-चार फेऱ्या होतात, त्यात वावगं काही नाही.

खिडक्यांच्या पारदर्शक पट्ट्या रंगाआधी बसवायच्या भानगडीत पडू नका. फेव्हिक्विकच्या वाफेने काच धुरकट होते. भोकं मोकळी ठेवा, धड जोडण्याआधीच आतून काळं करा, आणि सगळा रंग संपल्यावर काडीने फेविकॉलचा पडदा ओढा. वाळला की तो पारदर्शक होतो. तिन्ही फिन लावताना मधला आधी. मग मधल्याच्या टोकापासून बाजूच्या दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर दुभाजकाने (दोन टोकदार पायांच्या कंपासने) सारखं करा. डोळ्यावर विसंबू नका, आडवी शेपटी दोन्हीकडे वर उचललेली असल्याने नजर फसते.

रंगाचा क्रम: छत पांढरं असेल तर पांढरा आधी, तो झाकून चकचकीत काळा, त्यावर धातूचा रंग. उलटं केलंत तर मास्किंग टेप धातूचा थर उचलते. कॅनमधल्या चंदेरीचे कण जाड असतात, १/१४४ ला ते वाळूसारखे दिसतात. अल्क्लॅडसारखा लॅकर (मॉडेलसाठीचा, थिनर उडून वाळणारा धातूरंग) एअरब्रशने १२ ते १५ पीएसआय हवेच्या दाबावर, जवळून, धुक्यासारखे पातळ हात देत मारा. कॉम्प्रेसर नसेल तर कुंभार गल्लीत गणपती रंगवणाऱ्यांकडे एअरब्रशच्या नोझल-पाइपची माहिती मिळेल, फक्त श्रावण-भाद्रपदात त्यांना गाठू नका. खालचा काळा इनॅमल असेल तर निदान दोन दिवस, पावसाळ्यात आणखी जास्त वाळू द्या, नाहीतर लॅकर त्याला सुरकुत्या पाडतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर लॅकर मारणं तसंही धोक्याचं. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ तिथे बसते आणि काळा रंग पांढुरका पडतो. पाऊस थांबून ऊन पडलेली दुपार निवडा. धातूवर वॉर्निश नको, चमक मरते. दोन-चार पत्रे किंचित गडद करा, जास्त केलेत तर गोधडी होते.

लाल पट्टा डीटीपीवाल्याकडून पारदर्शक डिकल पेपरवर (पाण्यात भिजवून चित्र सरकवून चिकटवायचा कागद) छापून घेऊ नका. प्रिंटरची शाई अर्धपारदर्शक, त्यामुळे चंदेरीवर लाल विटकरी दिसतो आणि पांढरा तर छापलाच जात नाही. पट्टा १ मिमी टेपने आखून रंगवा. नाकावर दोन्ही बाजू जुळतात का ते रंग भरण्याआधी समोरून बघा. नाव आणि नोंदणीची अक्षरं छापलेली चालतील. लेझर असेल तर तशीच, इंकजेट असेल तर आधी क्लिअर स्प्रे, नाहीतर पाण्यात शाई पसरते.

इंजिनं, प्रोपेलर, चाकं शेवटी. एक्झॉस्टचे डाग राखाडी-तपकिरी, अगदी फिके. पंखांच्या कडेला बर्फ झटकायच्या रबराच्या पट्ट्या मॅट काळ्या. छतापासून फिनकडे जाणारी एरियलची तार, किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या फ्रेमला जोडलेले येतात तिचा तुकडा मेणबत्तीवर तापवून ओढला की होते. ती लावल्यावर मॉडेल वरून पकडायचं नाही, पंखांच्या मुळाशी खालून धरून उचलायचं.